कागद पाहिले, भिंत कोणी पाहिली?

व्यापारी घरात वाढलेल्या मुलाला माल पारखण्याचे शिक्षण वेगळे द्यावे लागत नाही. धान्याच्या पेढीवर पोते उघडण्यापूर्वी त्यात नळी खुपसून आतला नमुना काढला जातो आणि तळाचा दाणा वरच्या दाण्यासारखाच आहे ना, हे तळहातावर घेऊन पाहिले जाते. कापडाचा तागा उजेडाकडे धरल्याशिवाय भाव बोलला जात नाही. सराफाकडे आलेला दागिना कितीही परिचिताचा असो, कसोटीवर रेघ उमटल्यावाचून त्याचे मोल ठरत नाही. यात अविश्वास नसतो. तो व्यवहाराचा शिरस्ताच आहे. असे असूनही याच घरांतील जाणती माणसे आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी, म्हणजे राहते घर, नमुना सदनिकेतील दिव्यांचा झगमगाट आणि माहितीपुस्तिकेतील रंगीत चित्रे पाहून करतात. भावात पाच-पन्नास हजारांची घासाघीस होते, वाहनतळाच्या जागेसाठी चार फेऱ्या होतात. मात्र न्हाणीघरातील पाणी खालच्या छतात उतरते का, हे पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवर, अंबरनाथ आणि वांगणी यांच्या मध्ये वसलेले बदलापूर हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे. कुळगाव-बदलापूर नगरपरिषद क्षेत्राची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत एक लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली आणि त्यानंतर तेथे उभ्या राहिलेल्या इमारती कर्जत मार्गावरील कोणत्याही प्रवाशाला खिडकीतून दिसतात. कल्याण, उल्हासनगर, डोंबिवली येथे दुकान असलेल्या एकत्र कुटुंबात धाकट्या भावाचा संसार वाढला, दुकानावरची माडी अपुरी पडू लागली, की नजर या दिशेला वळते. मुंबईतील एका खोलीच्या किमतीत येथे दोन शयनगृहांचे घर मिळण्याची आशा असते. मंदिर किती अंतरावर आहे, पाठशाळा भरते का, आसपास आपली किती घरे आहेत, याची चौकशी बारकाईने होते, आणि ती व्हायलाच हवी. घराच्या अंगाची चौकशी मात्र राहून जाते. त्याचे कारण निष्काळजीपणा हे नाही. ती चौकशी आपल्या वतीने दुसऱ्या कोणीतरी केलेली आहे, असा प्रामाणिक समज त्यामागे असतो.

हा समज तीन आधारांवर उभा असतो. वकिलाने कागद पाहिले, बँकेने कर्ज मंजूर केले आणि प्रकल्पाला महारेराचा क्रमांक आहे. हे तिन्ही आधार आवश्यक आहेत. तथापि त्यांतील एकही भिंतीला हात लावत नाही.

वकील मालकीची साखळी पाहतो. सात-बारा, फेरफार, खरेदीखते, बोजा, विकसन करारनामा यांचा गेल्या तीस वर्षांचा शोध घेऊन जमीन निर्वेध असल्याचा अभिप्राय देतो. त्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या खांबात काँक्रीट नीट बसले आहे का, हे सांगणे त्याचे काम नाही.

बँकेच्या मूल्यांककाविषयी तर विशेष गैरसमज आहे. ‘एवढी मोठी बँक कर्ज देते, म्हणजे घर चोख असणारच’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. प्रत्यक्षात मूल्यांकक पाहतो ते तारण. सदनिका नकाशाप्रमाणे जागेवर आहे का, बांधकाम कोणत्या टप्प्यावर आले आहे, परिसरातील भाव काय, आणि कर्जदाराने हप्ते थकवले तर विक्रीतून किती रक्कम वसूल होईल, एवढ्याच प्रश्नांची उत्तरे त्याला द्यायची असतात. त्याचे शुल्क बहुधा कर्जदाराकडूनच घेतले जाते, पण अहवाल बँकेच्या नावे असतो आणि बँकेच्याच फाइलीत राहतो. शिवाय बँकेचे संरक्षण दुहेरी असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तीस ते पंचाहत्तर लाखांपर्यंतच्या गृहकर्जात मालमत्तेच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते. पन्नास लाखांच्या सदनिकेवर चाळीस लाखांचे कर्ज दिले, तर पहिल्या दहा लाखांची घसरण खरेदीदाराच्या पदरी असते. घराला ओल आल्याने मूल्य पाच टक्क्यांनी उतरले, तर बँकेला त्याची झळ लागत नाही. हप्ता मात्र ठरल्या तारखेस जातो. चाळीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ३४,७१३ रुपयांचा होतो आणि दर तोच राहिल्यास एकूण परतफेड ८३ लाख ३१ हजारांच्या आसपास जाते. यात मुद्रांक शुल्क, नोंदणी खर्च आणि अंतर्गत सजावट धरलेली नाही. एवढी रक्कम गुंतविताना स्वतंत्र अभियंत्याच्या पाहणीसाठी काही हजार रुपये खर्च करणे अनेकांना जड वाटते, ही हिशेबाची मोठी गंमत आहे.

तिसरा आधार महारेराचा. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने खरेदीदाराला दिलेले बळ मोठे आहे, त्याविषयी पुढे येईलच. परंतु नोंदणी ही प्रवर्तकाने सादर केलेल्या कागदांवर आणि प्रतिज्ञापत्रावर होते. प्राधिकरणाचा माणूस प्रत्येक मजल्यावर जाऊन गिलावा ठोकून पाहत नाही. बदलापूरपासून फार दूर नसलेल्या कल्याण-डोंबिवली महापालिका क्षेत्रात ६५ इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारे महारेराचे क्रमांक मिळविल्याचे उघड झाले आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्या घरांत राहणाऱ्या माणसांनीही क्रमांक पाहूनच पैसे भरले होते. म्हणून परवानगीपत्राची प्रत नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जाऊन ताडून पाहणे, हा घराच्या पाहणीचाच पहिला भाग समजावा.

चातुर्मासातील पाहणी

घर कोणत्या ऋतूत पाहावे, याचे उत्तर कोकणपट्टीत एकच आहे: भर पावसात. बदलापूर डोंगरांच्या पायथ्याशी आहे. आषाढ-श्रावणात तेथे दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. या दिवसांत जी भिंत कोरडी राहते, ती वर्षभर कोरडी राहते. याउलट दसरा-दिवाळीच्या सुमारास नवा रंग लावून सजवलेली इमारत पावसाची कोणतीही साक्ष देत नाही. सणासुदीच्या सवलती नेमक्या याच काळात असाव्यात, हा योगायोग असेलही.

जैन कुटुंबांना येथे एक आयती सोय आहे. चातुर्मासात गृहप्रवेशासारखी मंगलकार्ये बहुतेक घरांत टाळली जातात. आषाढापासून कार्तिकापर्यंतचे हे महिने खरेदीच्या दृष्टीने रिकामे मानले जातात. पाहणीच्या दृष्टीने मात्र तेच सर्वोत्तम. सौदा कार्तिकी पौर्णिमेनंतर करायचा असेल, तर पसंत केलेल्या इमारतीला श्रावणात दोन-तीन वेळा, तेही जोराचा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, भेट द्यावी. प्रथम वरचा मजला पाहावा, नंतर जिना, नंतर तळमजल्यावरील वाहनतळ. पश्चिम आणि नैर्ऋत्य दिशेच्या भिंतींवर पावसाचा मारा अधिक असतो. त्या आतून तळहाताने चाचपाव्यात. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात रंगाचे पोपडे, भिंतीच्या पायथ्याशी पांढरट लोणा, छतावर चहाच्या डागासारखे पिवळे वर्तुळ, यांतील एकही खूण आढळली तर तिचे मूळ शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘रंग देताना निघून जाईल’ हे उत्तर स्वीकारू नये. रंगाखाली खूण जाते, पाणी जात नाही.

ओल हा केवळ दिसण्याचा किंवा आरोग्याचा विषय नाही. शेवाळ आणि बुरशी यांची गणना आपल्या परंपरेत अनंतकाय जीवांत होते. साधुसाध्वी वर्षाकाळी विहार थांबवितात, तोही याच कारणाने, की ओल्या भूमीवर जीवोत्पत्ती वाढते. मग ज्या भिंतीवर दर पावसाळ्यात काळी बुरशी धरते, ती भिंत रोज पुसणाऱ्या गृहिणीची अडचण सहज ध्यानात येईल. पुसावी तर हिंसा, न पुसावी तर वाढ. वाळवीचे तसेच आहे. ती त्रींद्रिय जीवांची वसाहत. ओलसर भिंतीला टेकलेल्या लाकडी कपाटात ती एकदा शिरली, की औषध फवारणाऱ्या माणसाला बोलवावे लागते आणि पर्युषणात ज्या हिंसेची आलोचना करायची, तिची पावती घरातच फाटते. जयणा किंवा यत्नाचार यांचा अर्थ जीव उत्पन्न झाल्यावर काळजी घेणे एवढाच मर्यादित नाही. उत्पत्तीची परिस्थितीच निर्माण होऊ न देणे, हा त्याचा अधिक सोपा भाग आहे. कोरडे, हवेशीर, उजेडाचे घर निवडणे हे त्या अर्थाने धर्माचरणाशी जोडलेले आहे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घराने तर स्वयंपाकघर सायंकाळी पाच वाजता, दिवे न लावता पाहावे. अरुंद मोकळ्या कूपाकडे खिडकी असलेली कित्येक स्वयंपाकघरे त्या वेळी इतकी अंधारी असतात, की ताटातील पदार्थ निरखण्यासाठी दिवा लावावा लागतो.

अभियंता काय पाहतो

अमेरिकेत घराची विक्री ठरली, की खरेदीदार आपल्या खर्चाने स्वतंत्र निरीक्षक नेमतो आणि त्याच्या अहवालावर सौदा पुढे न्यायचा की नाही हे ठरवितो, ही पद्धत तेथे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना परिचित आहे. न्यू जर्सीसारख्या राज्यांत त्यासाठी परवाना लागतो. आपल्याकडे अशा निरीक्षकांसाठी स्वतंत्र कायदा नाही. मुंबई-पुण्यात हे काम करणाऱ्या काही खासगी संस्था आहेत. लहान शहरात अनुभवी, स्थापत्य पदवीधर आणि त्या बांधकाम व्यावसायिकाशी कोणताही संबंध नसलेला अभियंता हे काम उत्तम करू शकतो. त्याचे शुल्क ठरलेले असावे आणि अहवाल लेखी असावा. दलालाने सुचविलेला अभियंता नेमणे म्हणजे विकणाऱ्याच्या काट्यावर आपला माल तोलणे होय.

त्याच्या पाहणीतील सर्वांत मोलाची कसोटी सर्वांत साधी आहे. न्हाणीघर आणि शौचालयाच्या जमिनीवरील जाळी बंद करून तीन-चार बोटे पाणी साठवायचे, ते चोवीस ते अठ्ठेचाळीस तास तसेच ठेवायचे आणि नंतर खालच्या मजल्यावरील छत पाहायचे. येथे जमिनीखालचा स्लॅब बहुधा खोलगट असतो आणि त्या खोलीत नळ, भराव व जलरोधक थर दडलेले असतात. फरशी बसल्यावर त्या थराची खात्री करून घेण्याचा दुसरा स्वस्त मार्ग नाही. पाणी काढून टाकल्यानंतर ते जाळीकडे आपोआप वाहते का, कोपऱ्यात डबके राहते का, हेही कळते. उतार चुकला असेल तर पाणी उंबऱ्याकडे येते आणि शयनगृहाच्या दाराची लाकडी चौकट दोन वर्षांत खालून कुजते. गच्चीवर जाऊन विटांच्या कोब्याला तडे आहेत का, आणि कठड्याच्या सांध्यावरील सिमेंटची गोलाई, जिला गवंडी ‘वाटा’ म्हणतात, ती सलग आहे का, हे पाहिलेच पाहिजे. सर्वांत वरच्या मजल्यावर घर घेणाऱ्याने तर दोनदा.

फरशीवर नाण्याने किंवा काठीच्या टोकाने हलके ठोकत गेल्यास पोकळ जागा आवाजावरून ओळखू येतात. एखाददुसरी फरशी वाजली तर ती बदलून मिळते. अर्धी खोली वाजली तर गवंड्याने घाई केली आहे, असे समजावे.

भेगांच्या बाबतीत खरेदीदाराची दोन टोके दिसतात. काहींना केसासारखी रेघ पाहूनही झोप येत नाही, तर काही बोट शिरेल एवढ्या भेगेकडे दुर्लक्ष करतात. गिलाव्यावरील जाळीसारख्या बारीक रेषा बहुधा गिलावा लवकर वाळल्याच्या निदर्शक असतात. हल्ली भिंतींसाठी हलके सिमेंट ब्लॉक वापरतात; काँक्रीटचा खांब आणि अशा ब्लॉकची भिंत यांच्या सांध्यावर उभी भेग पडली असेल, तर त्या जागी गिलाव्याखाली तारेची जाळी बसविलेली नसण्याची शक्यता असते. ती दुरुस्त होते. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी जाणारी, किंवा भिंतीच्या दोन्ही बाजूंस एकाच ठिकाणी दिसणारी भेग मात्र गंभीरपणे घ्यावी. तिच्या टोकाला पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी आणि दीड-दोन महिन्यांनी ती वाढली का, हे पाहावे. तुळईच्या मध्याखालील भेग, किंवा स्लॅबच्या तळाशी सळईच्या रेषेत उमटलेले तांबडे डाग हे अभियंत्याला लगेच दाखवावेत.

इमारतीची खरी प्रकृती सदनिकेपेक्षा तळमजल्याच्या वाहनतळात कळते, कारण तेथे सजावट नसते. खांबाच्या पायथ्याशी काँक्रीटमधील खडी उघडी पडलेली, सळई डोकावणारी, किंवा नंतर सिमेंट चोपडून झाकलेली दिसली तर तेथे काँक्रीट नीट ठासले गेलेले नाही. भारतीय मानक ४५६ नुसार खांबातील सळईवर सर्वसाधारणपणे किमान ४० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण हवे. ते कमी असेल तर दमट हवेत गंज लवकर पोहोचतो. काँक्रीटवर पाणी मारण्याचा किमान कालावधीही त्याच मानकात सात ते दहा दिवसांचा सांगितला आहे. बांधकाम सुरू असताना तीन-चार वेळा जाऊन पाहणारा खरेदीदार हे स्वतः टिपू शकतो. नळकाम करणाऱ्याने पाइप नेण्यासाठी तुळईला भोक पाडले आहे का, हेही त्याच फेरीत दिसते.

विजेच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे, तर प्रत्येक खोबणीत भूसंपर्क आहे याची तपासणी, मुख्य पेटीत गळतीरोधक स्विच आहे आणि त्याचे चाचणीचे बटण दाबताच तो पडतो याची खात्री, आणि पाणी तापविण्याच्या यंत्रासाठी व वातानुकूलनासाठी पुरेशा जाडीची स्वतंत्र तार, एवढे पाहिले तरी पुरते. उद्वाहनाचा परवाना आणि अग्निशमन विभागाचा दाखला कार्यालयात मागावा. पाण्याचा प्रश्न मात्र कार्यालयात विचारून सुटत नाही. बदलापुरात नळाचे पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पुरविते. त्याची जोडणी इमारतीला प्रत्यक्ष मिळाली आहे की कूपनलिका आणि टँकर यांवर भागविले जाते, हे आधीच राहायला आलेल्या एखाद्या काकूंना विचारल्यास पाच मिनिटांत कळते. किती वाजता पाणी येते, वरच्या मजल्यावर किती जोराने येते, हेही त्याच सांगतील.

जमीन, नदी आणि मोजपट्टी

घर उत्तम असूनही जागा चुकीची असू शकते. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीने बदलापूरच्या पश्चिमेकडील वस्त्यांत शिरून जे केले, ते जुन्या रहिवाशांच्या स्मरणात आहे. २७ जुलै २०१९ रोजी याच नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. हेंद्रेपाडा, रमेशवाडी या नदीकाठच्या भागांत तेव्हा पाणी शिरले होते. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो: सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध आणि दोन्ही रेषांच्या मध्ये अटींसह नियंत्रित, असे हे धोरण आहे. आपली इमारत या रेषांच्या कोणत्या बाजूस आहे, हा प्रश्न लेखी विचारावा. त्याच्या जोडीला जुन्या वस्तीतील एखाद्या किराणा दुकानदाराला पुराचे पाणी कोठवर आले होते ते विचारावे. तो भिंतीवर हात ठेवून उंची दाखवितो, आणि त्या साक्षीला कोणताही नकाशा तोड देऊ शकत नाही.

तळमजल्यावर दुकान आणि वर घर अशी जोडखरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला तर ही चौकशी दुप्पट महत्त्वाची. पुरात घरातील सामान माडीवर नेता येते, गोदामातील साखर नेता येत नाही.

क्षेत्रफळ मोजण्याबाबत संकोच नसावा. स्थावर संपदा अधिनियमात चटई क्षेत्राची व्याख्या स्पष्ट आहे: बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांचे कूप, सज्जा आणि उघडी गच्ची वगळून, परंतु आतील विभाजक भिंती धरून येणारे वापरायोग्य क्षेत्र. महारेराच्या आदर्श करारनाम्यात प्रत्यक्ष क्षेत्रात तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. त्याहून कमी भरल्यास जादा घेतलेली रक्कम परत मिळण्याची तरतूद आहे. ४५ चौरस मीटर म्हणजे सुमारे ४८४ चौरस फूट. त्याचे तीन टक्के साडेचौदा चौरस फूट होतात, जवळजवळ एका छोट्या देवघराएवढी जागा. मीटरभर कापडात एक बोट कमी भरले तर दुकानात वाद होतो. घर मात्र फारसे कोणी मोजत नाही.

ताबापत्रावरील सही

सर्वांत मोठे नुकसान ताब्याच्या दिवशी होते, आणि ते आनंदात होते. मुहूर्त ठरलेला असतो, स्नात्रपूजेचे निमंत्रण नातेवाइकांना गेलेले असते, सजावटीचा सुतार कामाला येऊन थांबलेला असतो. अशा वेळी समोर येणाऱ्या छापील ताबापत्रात ‘सदनिका पूर्णपणे तपासून घेतली असून बांधकामाविषयी कोणतीही तक्रार नाही’ अशा आशयाचे वाक्य बहुधा असतेच. कुटुंबातील वडीलधारे सही करतात, किल्ली मिळते, पेढे वाटले जातात.

क्रम उलटा असायला हवा. आधी भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, मग अभियंत्याची पाहणी, मग त्रुटींची यादी, त्यांची दुरुस्ती, आणि अखेरीस मुहूर्त. त्रुटी दुरुस्त होण्यापूर्वी ताबा घेणे अपरिहार्यच असेल, तर सहीजवळ ‘सोबतच्या यादीतील त्रुटींच्या दुरुस्तीच्या अधीन राहून’ असे हाताने लिहावे, यादी तारखेसह जोडावी, छायाचित्रे काढावीत आणि पोच घ्यावी. व्यावसायिक चांगला असेल तर त्याला याचा राग येत नाही. अभियंत्याला आतच येऊ न देणारा व्यावसायिक भेटला, तर त्या नकारातच पाहणीचा अर्धा अहवाल मिळाला असे मानायला हरकत नाही. म्हणूनच विक्री करारनाम्याच्या मसुद्यातच स्वतंत्र अभियंत्याकडून पाहणीचा हक्क लिहून घ्यावा. नोंदणीकृत करारनामा होईपर्यंत किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास कायद्याची मनाई आहे. बोलणी करण्याची खरी ताकद त्याच टप्प्यावर असते.

या अधिनियमाचे कलम १४(३) प्रत्येक घरात पाठ असावे. ताबा दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या रचनेत, कारागिरीत, गुणवत्तेत किंवा सेवांत दोष आढळून तो निदर्शनास आणला, तर प्रवर्तकाने तीस दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त केला पाहिजे. न केल्यास खरेदीदाराला भरपाई मागता येते. गळती या कक्षेत येते. परंतु येथेच सुताराची घाई नडते. ताबा मिळताच न्हाणीघराची फरशी उखडून नवी बसविली, नळांच्या जागा बदलल्या, भिंती खणून तारा फिरविल्या, तर पुढे गळती झाल्यावर दोष कोणाचा, हा वाद उभा राहतो आणि त्यात मूळ बांधकामाची बाजू सिद्ध करणे कठीण जाते. घराने निदान एक पावसाळा अंगावर घेईपर्यंत भिंतीला चिकटून कपाटे बसवू नयेत, हा सल्ला सजावटकाराला आवडणार नाही. तरीही तो पाळण्याजोगा आहे. तक्रार आधी लेखी पत्राने, मग महारेराच्या सलोखा मंचाकडे आणि त्यानेही न भागल्यास प्राधिकरणाकडे, असा मार्ग खुला आहे. प्रत्येक पायरीवर पहिला प्रश्न एकच येतो: ताब्याच्या वेळी काय लिहून दिले होते?

जुनी सदनिका घेणाऱ्याला या पाच वर्षांचा आधार बहुधा उरलेला नसतो, म्हणून त्याची पाहणी अधिक कडक हवी. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा, तर त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करायचे असते. संस्थेच्या कार्यालयात तो अहवाल मागावा आणि गेल्या काही वार्षिक सभांची इतिवृत्ते वाचावीत. मोठ्या दुरुस्तीसाठी प्रत्येक सभासदाकडून वर्गणी काढण्याचा ठराव नुकताच झाला असेल, तर विकणाऱ्याला घर विकण्याची घाई का आहे, याचा उलगडा तेथेच होतो. शेजारच्यांना गळतीविषयी विचारावे, आणि आपल्या न्हाणीघराखाली राहणाऱ्या कुटुंबाला तर आवर्जून.

नव्या घरात राहायला गेलेल्यांनी एक तारीख चोपडीत लिहून ठेवावी: ताब्याच्या दिवसापासून पाच वर्षे पूर्ण होण्याची. त्याआधीचा शेवटचा पावसाळा सुरू झाला, की त्याच अभियंत्याला पुन्हा एकदा बोलावून गच्ची, बाहेरच्या भिंती, न्हाणीघरे आणि वाहनतळातील खांब दाखवावेत. संस्था स्थापन झाली असेल तर सर्व सभासदांच्या वतीने एकच पाहणी करून घेता येते आणि खर्च विभागला जातो. त्यातून निघालेल्या दोषांचे पत्र नोंदणीकृत टपालाने, ती तारीख उलटण्यापूर्वी, प्रवर्तकाच्या हाती पोहोचलेले असावे.